जसंच्या तसं

आमच्या भागात दारी आलेला माणूस पाण्यावाचून परत जात नाही. ही परंपरा फार जुनी आहे आणि मी तिची साक्षीदार आहे. एकाच घरात, दोन दिवसांत, मला दोनदा पाणी मिळालं. पहिल्या दिवशी पितळेच्या गडव्यातून. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या ग्लासातून. पांढरा, पातळ, धरला की आत दबणारा. लग्नात वापरून फेकतात तो.

तोही हातात नाही दिला. घरच्या काकूंनी तो सपरीच्या, म्हणजे समोरच्या पडवीच्या, पायरीवर ठेवला. दोन पावलं मागे सरकल्या. म्हणाल्या, "घे वं. पेऊन झाल्यावर तिकडे गोठ्यामांगं फेकून देजो."

मार्च होता. तहान लागली होती. मी प्यायले.

ग्लास टाकायला गोठ्यामागे गेले तर तिथे खापरं पडलेली. माठाची. गळ्याला पांढऱ्या मातीचे तीन पट्टे होते, त्यावरून ओळखला. काल मी त्याच माठातून पाणी काढलं होतं. काकूंनीच सांगितलं होतं, "माठातलं घे, गार हाये." आज तो फुटलेला होता, आणि सहज हातातून पडून फुटलेला माठ कोणी उचलून गोठ्यामागे नेत नाही. त्याची खापरं आधी अंगणात झाडली जातात. हा मुद्दाम इथे आणून फोडलेला होता. एकाच जागी, वरून आपटून.

मी काल त्याच स्वयंपाकघरातल्या फ्रिजचंही दार उघडलं होतं. कोथिंबीर काढायला. फ्रिज मात्र जागेवर होता. परत येताना मागच्या दारातून दिसला, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुलं. विटाळालाही किमतीचं भान असतं.

आता हे सगळं झालं कसं, ते सांगते.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन काही वर्षं झाली होती. गोंदिया वेगळा निघाला, भंडारा उरला. आमच्या गावांचे तुकडे त्याच्या कितीतरी आधी झालेले होते आणि त्यासाठी सरकारी राजपत्र लागलं नव्हतं. मी पवनी तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिकेवर समाजशास्त्र शिकवत होते. तासिकेवर म्हणजे संस्थेनं जूनमध्ये बोलावलं तर प्राध्यापक, नाही बोलावलं तर घरी. बोलावायचं की नाही हे सचिव ठरवत. सचिव म्हणजे भाऊसाहेब. राइस मिल, तळ्याखालची धानाची मोठी शेती, आणि बैठकीत काचेचं पुस्तकांचं कपाट. कपाटाला कुलूप.

त्या वर्षी फिनलंडहून एक संशोधक बाई आल्या. हेलेना. चार देशांतल्या लोकांची मूल्यं त्या तपासत होत्या. शेजारी, पाहुणा, वडीलधारं माणूस, परका माणूस, यांच्याबद्दल कुठल्या देशात काय वाटतं, याची तुलना. फिनलंड, जपान, ब्राझील आणि आपण. भारताच्या वाट्याला भाऊसाहेबांचं गाव आलं, कारण भाऊसाहेबांची विद्यापीठात कोणाशी तरी ओळख होती. देशाचा नमुना असाच निवडला जातो.

बाईंना दुभाषी हवा होता. कॉलेजात इंग्रजी बोलू शकणारे आम्ही दोघंच. इंग्रजीचे सर बोलू शकत होते, पण शिकवताना मराठीत बोलायचे आणि आता सवय मोडली होती. म्हणून मी.

हेलेनानं जीपमध्ये बसल्या बसल्या नियम सांगितला. "लोक जे बोलतील ते जसंच्या तसं सांग. सुधारू नकोस, सौम्य करू नकोस. तू तिथे नाहीसच असं समज."

शेवटचं मला जमण्यासारखं होतं.

पहिल्या दिवशी भाऊसाहेबांच्या सपरीत गावातली माणसं एकेक करून आली, उत्तरं देऊन गेली. भाऊसाहेब शेजारी खुर्ची टाकून बसलेले. त्यामुळे सगळ्यांची मूल्यं फार उच्च निघाली. मधल्या सुट्टीत काकू, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, दारात आल्या.

"नाव काय वं तुझं?"

सांगितलं.

"आडनाव?"

तेही सांगितलं. माझं आडनाव आमच्या भागात तीन जातींत चालतं. विचारणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. मग लोक आडवाटेनं येतात. गाव कोणतं, गावात घर कोणत्या अंगाला, मामाचं आडनाव काय, घरी देव कोणता. चार प्रश्नांत पोचतात. काकूंना तेवढी सवड नव्हती, चुलीवर भाजी होती. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडीला इस्त्री, तोंडात इंग्रजी, रंग जरा उजळ. आणि उत्तर स्वतःच लिहून मोकळ्या झाल्या.

"मंग आमच्यातलीच हायेस ना! अंदर ये, परक्यासारखी काय उभी राह्यली?"

मी म्हणायला हवं होतं, "नाही काकू, आम्ही बौद्ध." एवढंच वाक्य. माझे आजोबा दीक्षेला नागपूरला गेले होते ते याचसाठी, की पुढच्या कोणाला विचारलं तर मान वर करून सांगता यावं.

मी सांगितलं नाही. आत गेले.

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण वाटलं. कोणीतरी हाताला धरून चुलीपाशी नेतंय, पाट देतंय, "मीठ पाहून सांग वं" म्हणून भाजी तळहातावर ठेवतंय. मी कोथिंबीर निवडली. काकू बोलत होत्या. सून कशी आळशी, मुलगा पुण्याला जाऊन कसा बदलला. मग म्हणाल्या, "खालच्या मोहल्ल्यातले त आता लयच शेफारले, बाप्पा. नोकऱ्या त्याहिलेच, मान त्याहिलेच. आपल्या लोकाहिनं जावं कुठं?"

मी देठं खुडत म्हटलं, "हं."

माठ त्यांनी दुसऱ्या दिवशी फोडला. मी मात्र पहिल्या दिवशीच काहीतरी फोडलं होतं, त्या 'हं'नं. ते कोणी गोठ्यामागे टाकलं नाही.

जेवताना काकूंनी विचारलं, "हे गोरे लोक खातेत काय जी?" मी हेलेनाला विचारलं. ती सरळ माणूस. म्हणाली, गाय, डुक्कर, आणि त्यांच्या बर्फात हरणासारखा एक प्राणी असतो तो. मी काकूंना सांगितलं, "सगळंच खातात." नियम मी पहिल्याच दिवशी मोडला, तोही गायीला वाचवायला. काकूंना तरी कळलंच. त्या हसल्या. "थंडीचा मुलूख आहे, काय करतीन बिचारे." आणि हेलेनाच्या चिनीमातीच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. गाय खाणारी बाई सोफ्यावर बसून जेवली. थंडी हे कारण चाललं. आमच्या आजोबा-पणजोबांना भूक लागायची, ते कारण कधी चाललं नव्हतं.

संध्याकाळी भाऊसाहेबांनी कॉलेजच्या बाबूला फोन केला. हे मला बाबूनंच नंतर सांगितलं. "मॅडम, सहज विचारलं जी त्याहिनं. कोणत्या कॅटेगरीत हायेत म्हणून. मी फाईल पाहून सांगितलं." माझ्या फाईलवर जात आहे. मला माझा हक्क मिळावा म्हणून सरकारनं ती लिहून घेतली होती. भाऊसाहेबांनी ती माठासाठी वापरली.

समाजशास्त्रात आम्ही शिकवतो की माणसांवर नियंत्रित प्रयोग करता येत नाही, कारण परिस्थिती कधीच सारखी राहत नाही. इथे राहिली होती. तेच घर, तीच काकू, तीच मी, साडीही तीच धुऊन नेसलेली. फक्त एक माहिती वाढली. काल पाट, आज पायरी.

दुसऱ्या दिवशी मुलाखत घरच्यांची होती. भाऊसाहेब आणि काकू. हेलेना आत सोफ्यावर. मी आत पाय टाकणार तोच काकू म्हणाल्या, "तू तेथूनच सांग वं. आवाज येते." मग मी उंबरठ्याच्या बाहेर, स्टुलावर. हेलेनानं विचारलं, तू आत का बसत नाहीस?

मी म्हटलं, "इथे हवा लागते."

हे माझं. काकूंनी नव्हतं सांगितलं असं बोलायला. त्यांनी नुसतं बाहेर बसवलं; त्याचं कारण मी माझं मी शोधून दिलं. गुलामीला पगारी नोकर ठेवावे लागत नाहीत, ती अशी फुकटात चालते.

टेपरेकॉर्डर सुरू झाला. वडीलधाऱ्यांचे प्रश्न झाले, पाहुण्यांचे झाले. भाऊसाहेब तयारीनं बोलत होते. त्यांना इंग्रजी बऱ्यापैकी समजायचं, पण बोलायचं मराठीत असं त्यांनी ठरवलं होतं, कारण संस्कृती. मग हेलेनानं एक कार्ड पुढे केलं. त्यावर माणसांची यादी. यांपैकी कोण शेजारी म्हणून तुम्हाला चालणार नाही?

भाऊसाहेबांनी यादी न वाचता परत केली. "मॅडमला सांगा, हा प्रश्न आमच्या देशात लागू होत नाही. आम्ही अख्ख्या जगाला कुटुंब मानतो. पश्चिमेत माणूस एकटा पडला, तो तिकडचा प्रश्न आहे."

सांगितलं. जसंच्या तसं.

हेलेना नोंद करत म्हणाली, "मग घराच्या आत, स्वयंपाकघरापर्यंत, कोण येऊ शकतं?"

"कोणीही," भाऊसाहेब म्हणाले. "जात, धर्म, काही नाही. कोणीही."

काकू तोवर गप्प होत्या. पण माठ त्यांचा होता. त्या भाऊसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "कोणीही कायले म्हणता जी? कोणीही चालते त मंग सकाळी माझा माठ कायले फोडाले लावला? चांगला मुरला होता."

"चूप ना तू."

"मी काय खोटं बोलून राहिली? हे पोरगी चुलीपाशी गेली, माठात हात घातला तिनं. आधी मालूम असतं त अंदर घेतलं असतं का मी?"

दोघं आपसात बोलत होते. असं घरातलं बोलणं दुभाषीनं गाळायचं असतं हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मीही कालपर्यंत तेच करत आले होते. हेलेना माझ्याकडे पाहत होती. पेन थांबलेलं.

 मला आला तो राग नव्हता. राग स्वच्छ असतो. हे खरकट्यासारखं होतं. कालची भाजी, कालचा 'हं', आताची हवा.

मी बोलायला लागले. काकूंचं वाक्य न् वाक्य. माठ मुरला होता, हेसुद्धा. भाऊसाहेबांचं 'चूप ना तू'सुद्धा. शब्द वाढवला नाही. आवाजही वाढवला नाही.

हेलेना म्हणाली, "कोणती मुलगी?"

नियम असा, की प्रश्नाचं उत्तर मी द्यायचं नाही, उत्तरदात्याला विचारायचं. मी काकूंना विचारलं, "मॅडम विचारतात, कोणती मुलगी?"

काकूंनी बोट केलं. "हेच ना. तूच."

भाऊसाहेब खुर्चीत पुढे, माझ्या बाजूला सरकले. चेहरा हसराच. "मॅडम, हे सांगायचं नव्हतं."

मी हेलेनाला सांगितलं, "ते म्हणतात, हे सांगायचं नव्हतं."

"अहो, मी तुमच्याशी बोलतोय!"

"ते म्हणतात, ते माझ्याशी बोलतायत."

आता हसू गेलं. आवाज खाली आला. "बाई, जून लांब नाही. तुमच्या तासिका कोणाच्या सहीनं होतात, ध्यानात आहे ना?"

तेही सांगितलं. तासिका म्हणजे काय, हे हेलेनाला कळावं म्हणून मी एक वाक्य माझ्याकडून जोडलं, आणि हे माझं आहे असंही सांगितलं. टेप फिरत होती.

भाऊसाहेबांनी टेपकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आता काय झालं जी? मी त खरं तेच बोलली." त्या घरात त्या दिवशी खरं बोलणारी ती एकटीच होती, हे मला कबूल करावं लागतं. मला तिची किळस आली. भाऊसाहेबांची जास्त आली. तिचा माठ मातीचा होता, यांच्या तोंडात अख्खं जग होतं.

मी उठले. स्टूल तिथेच ठेवलं. धुवायचं की फोडायचं, ते त्यांचं त्यांनी पाहावं.

परतताना अड्याळच्या रस्त्याला मोहाची फुलं पडली होती, बाया वेचत होत्या. हेलेनानं जीपमध्येच कॅसेट काढून तिच्यावर तारीख लिहिली. मग म्हणाली, "आमच्याकडेही आहे हे. रोमा लोक, पूर्वीचे भटके. शेकडो वर्षांपासून राहतात, पण त्यांना घर भाड्यानं मिळत नाही. दुकानात शिरले की मागे माणूस फिरतो."

मी विचारलं, "तुमच्या घरी कोणी रोमा आलं, तर कॉफी कशात देता?"

तिनं खरंच आठवून पाहिलं. "माहीत नाही. आमच्या घरी कधी कोणी आलंच नाही."

तुलना झाली. त्यांच्याकडे माठ फोडायची वेळच येत नाही. सभ्य देशाची ही एक सोय असते.

ती वाईट बाई नव्हती. उतरताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली की संशोधनाला आजचं साहित्य फार मोलाचं आहे. साहित्य म्हणजे मी.

घरी आई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. तिला सगळं सांगितलं. तिचे हात चालूच. मग म्हणाली, "काहून बोलली वं? चूप राह्यली असती त तासिका त राह्यल्या असत्या. लोक का आज बदलून राहिले?"

मी म्हटलं, "आई, पहिल्या दिवशी त्यांनी मला त्यांच्यातली समजून आत घेतलं. मी सांगितलं नाही. त्या आपल्या लोकांना नावं ठेवत होत्या, मी हं म्हटलं."

आता हात थांबले. तेंदूचं पान अर्धं गुंडाळलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मंग मले दुसऱ्या दिवशीचं कायले सांगून राहिली?" ती म्हणाली. "त्या बाईनं माठ फोडला, थे तिचं. जिवाला लागासारखं त पहिल्या दिवशीचंच हाये."

जेवण होईपर्यंत ती बोलली नाही. मला भाऊसाहेबांची भीती त्या दिवशी वाटली नव्हती, आईच्या त्या गप्प बसण्याची वाटली.

जूनमध्ये बोलावणं आलं नाही. अपेक्षित होतं. पुढच्या वर्षी हेलेनाचा अहवाल टपालानं आला, चांगल्या जाड कागदावर. चार देशांचे चार रंग. आमच्या गावाचा फोटो, त्यात भाऊसाहेब. मी शेवटच्या पानांपर्यंत गेले. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं की एक मुलाखत विश्लेषणातून वगळली आहे, कारण तीत दुभाषी तटस्थ राहिली नाही.

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. चूक काही नव्हतं त्यात. मी तटस्थ नव्हतेच. ज्या दिवशी तटस्थ होते त्या दिवशी मी कोथिंबीर निवडत होते. त्या दिवसाच्या सगळ्या मुलाखती अहवालात घेतलेल्या आहेत.

तेव्हा ठरवलं ते असं. आता कोणी आडनाव विचारलं की मी त्याला पुढच्या चार प्रश्नांचा त्रास देत नाही. आडनाव सांगते आणि त्याच दमात सांगते, बौद्ध, आधीचे महार, घर गावाच्या खालच्या अंगाला. मग त्याच्या तोंडाकडे पाहते. तो चेहरा बदलण्याचा क्षण पूर्वी मी चुकवायचे, मान खाली घालून, पदर सारखा करून. आता मी तो पुरता पाहते. चुकून मिळालेला पाट मला नको. चुकून मिळालेला मान नको, चुकून मिळालेलं घर, मैत्रीण, जागा, काही नको. चुकीनं कोणी मला आपल्यातली समजलं, तर ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची, भाजी चुलीवर असली तरी. आणि माझ्यासमोर माझ्या माणसांबद्दल जे बोललं जाईल ते मी गिळणार नाही. जिथे पोचायला हवं तिथे पोचवीन, जसंच्या तसं, मग मला कोणी दुभाषी म्हणून नेमलेलं असो की नसो. याची किंमत मला माहीत आहे. मी ती एकदा दिली आहे, म्हणजे दुसऱ्यांदा दर विचारायला नको.

कॉलेजात त्या वर्षी समाजशास्त्राच्या माझ्या तासिका खेळाच्या सरांनी घेतल्या. निकाल नेहमीइतकाच लागला.